स्वस्तातलं ओबीडी ट्युनिंग डिव्हाइस लावलं, आठवडाभर गाडी भारी वाटली आणि परत तेच: आता काय तपासायचं

ही तक्रार फिरून फिरून येते, फक्त गाडीचं मॉडेल बदलतं. ॲव्हरेज पडलंय किंवा पिकअप गेलाय म्हणून माणूस स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीचे बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये, लावायचं छोटंसं डिव्हाइस मागवतो, लावतो, दिवे लुकलुकतात, पहिले काही दिवस गाडी एकदम हलकी वाटते, आणि एक-दोन टाक्या संपल्या की ॲव्हरेज पुन्हा होतं तिथंच. काहींना वर आणखी एक भानगड मिळते, म्हणजे गाडी थोडे दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि क्लिअर केला तरी परत येतो. मग विचारतात, पीस खराब निघाला का, रिसेट चुकीचं झालं का, दुसऱ्या कंपनीचं घेऊ का.

दुसरं अजिबात घेऊ नका, आधी लावलेलं काढा. उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, ही जी प्लग लावा आणि विसरा टाइपची डिव्हाइसं आहेत ती बहुतेक सगळी काहीच करत नाहीत, म्हणजे थोडंफार करतात असंही नाही, इंजिनाशी त्यांचा संबंधच येत नाही. आणि जी थोडी खरंच काहीतरी करतात त्यांची डोकेदुखी वेगळी आहे, ती पुढे येईलच. पण तुमचं ॲव्हरेज मुळात पडलं कशामुळे हा प्रश्न डिव्हाइस लावायच्या आधी होता तसाच शिल्लक आहे, आणि खरं काम तिथं आहे.

डिव्हाइसच्या आत काय असतं

ओबीडी पोर्टला १६ पिना असतात. १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ आणि ५ वर अर्थिंग, ६ आणि १४ वर कॅन बसच्या दोन वायरी, जिच्यावरून गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात. ७ नंबरवर जुन्या गाड्यांत के-लाइन, म्हणजे त्याच कामाची जुनी एकेरी वायर, असायची. हा पोर्ट आला तो प्रदूषण तपासणीसाठी, अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. म्हणजे त्याचं मूळ काम गाडीत काय बिघडलंय ते बाहेरच्या माणसाला सांगणं एवढंच, इंजिन ट्युन करायला तो कोणी दिलेला नाही. त्यातून ट्युनिंग करता येतं हे खरं, पण ते वेगळ्या मार्गानं, त्यावर येतो.

आता हे स्वस्तातलं डिव्हाइस उघडा, दोन स्क्रू नाहीतर नुसतं क्लिप असतं. आत सहसा दिसतं ते असं: एक छोटा मायक्रोकंट्रोलर, १२ चे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर, दोन-तीन एलईडी, एक बटण, झालं. जे दिसायला हवं ते दिसत नाही, ते म्हणजे कॅन ट्रान्सीव्हर. कॅन बसवर बोलायचं तर दोन वायरींमधल्या व्होल्टेजच्या फरकात बोलावं लागतं, आणि ते काम ट्रान्सीव्हरची चिप करते, तिच्याशिवाय मायक्रोकंट्रोलर तिथं मुका आणि बहिरा. नायट्रो ओबीडी२ नावाचं जे डिव्हाइस सगळीकडे विकलं गेलं त्याची क्वार्क्सलॅब या फ्रेंच सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी रीतसर चिरफाड केली होती. त्यांनी गाडीच्या कॅन बसवरचे मेसेज डिव्हाइस नसताना आणि असताना रेकॉर्ड केले, नवीन एकही मेसेज सापडला नाही. मग कदाचित ट्रान्सीव्हर चिपच्या आतच बसवला असेल म्हणून चिपचं कवच उतरवून आतही पाहिलं, तिथंही नाही. दिवे लुकलुकवणं एवढंच ते करत होतं. नंतर त्याच कवचात वेगळ्या रंगाचं, वेगळ्या नावाचं, पेट्रोलला पिवळं आणि डिझेलला लाल वगैरे आलं. आतला बोर्ड बघितला की दोघांत फरक तो स्टिकरचा.

समजा ट्रान्सीव्हर असता, तरी काय झालं असतं? फारसं काही नाही. ओबीडीच्या ठरलेल्या कमांड ज्या सगळ्या गाड्यांना सारख्या लागू होतात त्यांत लाइव्ह डेटा वाचणं, बिघाडाचे कोड वाचणं, कोड पुसणं, काही टेस्ट करणं एवढंच येतं, 'टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन डिग्री पुढे घे' अशी कमांडच त्यात नाही. खरं रीमॅपिंग म्हणजे ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मेमरीतलं सॉफ्टवेअर बदलणं, त्यासाठी आधी सिक्युरिटीचं कुलूप उघडावं लागतं, मग फाइल वाचायची, त्या गाडीचे इंधनाचे, टायमिंगचे, बूस्टचे (टर्बो दाबून देतो त्या हवेचे) नकाशे, म्हणजे आकड्यांचे तक्ते, त्यात शोधून बदलायचे, चेकसम (फाइल बरोबर आहे हे पडताळणारा आकडा) दुरुस्त करायचा आणि परत लिहायचं, आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून, बॅटरीला चार्जर लावून, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू कायमचा झोपू शकतो. एकाच इंजिनाच्या दोन वर्षांच्या गाड्यांत सुद्धा सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं असतं. आणि 'सगळ्या गाड्यांना चालतं' लिहिलेलं एक डबडं गाडी चालू असताना गुपचूप हे सगळं करणार म्हणे.

'तुमची ड्रायव्हिंगची सवय शिकून घेतं' हा दावा तर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण शिकण्याचं काम ईसीयू आधीपासून स्वतःच करतोय. पेट्रोल गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सेकंदात अनेकदा सांगत असतो की मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) झालं की पातळ (पेट्रोल कमी), आणि ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ कमीजास्त करून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो. शिवाय लांबच्या काळात किती बदल करावा लागतोय तेही तो लक्षात ठेवतो.

मग आठवडाभर फरक जाणवला तो काय होता

जाणवलं ते खोटं बोलताय असं कोणी म्हणत नाहीये. दोन-तीन गोष्टी एकत्र होतात. काही डिव्हाइसच्या कागदावर लिहिलेलं असतं की आधी बॅटरी काढा किंवा रिसेट बटण दाबून ठेवा, आणि मग १५०-२०० किलोमीटर नीट चालवा म्हणजे ते शिकेल. बॅटरी काढली की ईसीयूची शिकलेली माहिती बऱ्याच गाड्यांत पुसली जाते, थ्रॉटल आणि आयडल नव्यानं सेट होतं, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचंही, त्यामुळे गाडी खरंच थोडी वेगळी वाटते. मग ती हळूहळू परत शिकते, आणि जो मूळ बिघाड होता तोही तिला परत 'शिकावा' लागतो. म्हणून आठवड्यानं पहिले पाढे पंचावन्न. त्यात माणूस त्या २०० किलोमीटरांत ॲव्हरेजकडे डोळे लावून चालवतो, एक्सलेटर हलक्या पायानं दाबतो, पुढचा सिग्नल लांबून बघतो. नुसत्या तेवढ्यानं ॲव्हरेज सुधारतं, अमेरिकन सरकारच्याच आकड्यांनुसार थांबत-सुटत ट्रॅफिकमध्ये आक्रमक चालवल्यानं १० ते ४० टक्क्यांपर्यंत ॲव्हरेज पडू शकतं, तेव्हा उलट बाजूनं किती मिळेल बघा. आणि हो, २०० किलोमीटर होईपर्यंत वस्तू परत करायची मुदतही बहुतेकदा संपत आलेली असते.

मोजण्यातही गोची आहे. एका टाकीवर ॲव्हरेज काढलं तर पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं कधी उशिरा, लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो, ३५ लिटरच्या टाकीत तो झाला ३ ते ४ टक्के. म्हणजे डिव्हाइसनं ॲव्हरेज ४ टक्के वाढलं असं म्हणणारा माणूस पंपाचं नोझल मोजत असू शकतो. डॅशबोर्डवरचा आकडा तर मोजूच नका, तो ईसीयूच्या अंदाजावर चालतो आणि बॅटरी काढल्यावर बऱ्याचदा शून्यावर येऊन नव्यानं सुरू होतो, आणि नवीन सरासरीत फक्त तुमचं ते सांभाळून चालवलेलं अंतर असतं.

तरी पटत नसेल तर सोपी टेस्ट. डिव्हाइसच्या दिव्यावर काळी टेप लावा, पोर्टवर काहीतरी झाकण टाका, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा की दर टाकीला मनाला येईल तसं लाव किंवा काढ, वहीत लिहून ठेव, मला सांगू नको. तुम्ही त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटला थांबवून टाकी फुल्ल करत जा. चार-सहा टाक्यांनंतर आधी तुम्ही सांगा कुठल्या टाकीला लावलं होतं, मग वही उघडा.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, आजवर १०० हून जास्त इंधन वाचवणाऱ्या वस्तू तपासल्यात, ॲव्हरेजमध्ये दखल घेण्याजोगी वाढ देणारी एकही सापडली नाही, आणि काहींनी तर धूर वाढवला. मॅग्नेट, हवेला भोवरा देणारे पंखे, पेट्रोलच्या पाईपला लावायच्या पट्ट्या, सगळं त्यात येऊन गेलं. ओबीडीचं डिव्हाइस ही त्याच माळेतली नवी वस्तू, फक्त आता दिवा लागतो.

तुमचं डिव्हाइस दुसऱ्या जातीचं असेल तर

लायटर सॉकेटमध्ये लावायचं 'व्होल्टेज स्टॅबिलायझर' किंवा 'फ्युएल सेव्हर' असेल तर लांबण लावत नाही, आत एक-दोन कपॅसिटर आणि एलईडी. गाडीत आधीच हजारो पट मोठा कपॅसिटर बसलेला आहे, त्याला बॅटरी म्हणतात.

एअर इनटेकच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा छोटा रेझिस्टर, जो 'परफॉर्मन्स चिप' म्हणून विकतात, तो मात्र खरंच काहीतरी करतो, आणि तोच त्रास आहे. तो सेन्सर असा असतो की हवा गार झाली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. मध्ये जास्तीचा रेझिस्टर घातला की ईसीयूला वाटतं हवा खूप गार आहे, म्हणजे दाट आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो आणि टायमिंगही पुढे घेऊ शकतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणण्यातलाच हा प्रकार. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की मिश्रण घट्ट झालंय, ईसीयू ते परत कमी करतो, फायदा शून्य. फुल्ल एक्सलेटरला ईसीयू त्या सेन्सरचं फारसं ऐकत नाही, तेव्हा मिश्रण घट्टच राहतं, प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जास्तीचं पेट्रोल जाळावं लागतं. उन्हाळ्यात टायमिंग चुकीचं पुढे गेलं की इंजिन खडखडतं, तो खडखडाट ओळखणारा नॉक सेन्सर मग टायमिंग मागे ओढतो, आणि पिकअप होता त्याहून कमी. पी-०११३ किंवा पी-०१११ कोड परत परत येत असेल आणि असा रेझिस्टर लावलेला असेल तर सेन्सर बदलत बसू नका, रेझिस्टर काढा, मूळ कनेक्टर घट्ट लावा आणि कोड पुसून बघा.

पेडल बॉक्स, म्हणजे एक्सलेटर पेडलच्या कनेक्टरमध्ये लावायचा डबा, हा फसवणूक नाही पण लोक त्याला पॉवर समजतात. तो फक्त एवढंच करतो की पाय तीस टक्के दाबला तर ईसीयूला पन्नास टक्के दाबला असं सांगतो. पाय पूर्ण दाबल्यावर पॉवर तेवढीच. ज्यांच्या गाडीला स्पोर्ट मोड आहे त्यांना हे बटण फुकटात मिळालेलं आहे. कोणाला तसं चालवायला आवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही, फक्त ॲव्हरेज वाढेल म्हणून लावू नका, सहसा पडतंच.

डिझेल गाडीचा ट्युनिंग बॉक्स हा मात्र सिरियस विषय. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते) रेलमधलं प्रेशर फुल्ल लोडला १६०० बार, नव्या इंजिनांत २००० बारच्याही वर जातं. स्वस्तातला बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल खोटा कमी करून दाखवतो, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, तो पंपाला आणखी प्रेशर करायला लावतो, इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं, आणि गाडी खरोखर जोरात पळते. पण ईसीयूला आता खरं प्रेशर माहीतच नाही, त्याचं सगळं सुरक्षेचं गणित खोट्या आकड्यावर चाललंय. काळा धूर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरणं, एक्झॉस्टचं तापमान वाढणं, क्लच घसरणं, पंप आणि इंजेक्टरवर कायमचा ताण. डीपीएफच्या रीजनरेशनचा, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकण्याचा, दिवा पूर्वीपेक्षा लवकर लवकर यायला लागला असेल आणि बॉक्स लावलेला असेल तर जास्त शोधाशोध करायची गरज नाही. वॉरंटीचा प्रश्न तर आहेच, कनेक्टर उघडल्याच्या खुणा सर्व्हिस सेंटरवाल्यांना लगेच दिसतात.

बॅटरी उतरते आणि कोड येतात त्याचं काय

ओबीडी पोर्टची १६ नंबरची पिन चावी काढली तरी चालूच असते. म्हणून डिव्हाइस २४ तास वीज खात बसतं. समजा २० मिलिॲम्पिअर घेतं, दिवसाला झाले जवळपास अर्धा ॲम्पिअर-अवर, महिन्याला १४-१५. गाडीच्या बाकीच्या युनिटचं स्वतःचं खाणंही साधारण तेवढंच असतं, आणि तीन-चार वर्षं जुनी ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी प्रत्यक्षात ४५ ची राहिलेली नसते. रोज चालणाऱ्या गाडीला कळणार नाही, पण पंधरा-वीस दिवस उभी राहिली की सकाळी नुसतं टिक टिक टिक.

तपासायचं असेल तर मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत सिरीजमध्ये लावा, गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीचे युनिट झोपायला वेळ घेतात, लगेच रीडिंग घेतलं तर उगाच घाबराल. नंतर साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत यायला पाहिजे. डिव्हाइस लावून आणि काढून दोन्ही बघा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दारं उघडझाप करायची नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा. डिव्हाइस काढूनही आकडा मोठाच असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल तिकडे चोर आहे, बऱ्याचदा बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा कॅमेरा निघतो.

कोडचं म्हणाल तर यू नं सुरू होणारे कोड, म्हणजे यू-०१०० वगैरे, हे युनिटांचं आपापसातलं बोलणं तुटल्याचे असतात. पोर्टमध्ये काहीतरी लावल्यावर हे सुरू झाले असतील तर पहिला संशय त्याच्यावरच. हलक्या दर्जाच्या प्लगच्या पिना जाड किंवा वाकड्या असतात, पोर्टच्या आतले स्प्रिंग सैल करतात, मग डिव्हाइस काढल्यावर सुद्धा सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर नीट कनेक्ट होत नाही. टॉर्च लावून पोर्टच्या आत बघा, एखादी पिन मागे ढकललीय का. आणि स्कॅनर मेल्यासारखाच वाटत असेल तर आधी फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि लायटर सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, लायटरमध्ये काही शॉर्ट झालं की पोर्टही जातो.

पी नं सुरू होणारा कोड डिव्हाइस काढूनही येत असेल तर तो गाडीचाच आहे, आणि बहुतेक तुमच्या पडलेल्या ॲव्हरेजचं कारणही तोच आहे.

आता खरं काम: त्याच पोर्टमधून गाडीला विचारा

त्याच पोर्टमध्ये लागणारी आणखी एक स्वस्त वस्तू आहे जी खरंच उपयोगाची आहे, ती म्हणजे ईएलएम३२७ टाइपचा ब्लूटूथ ॲडॉप्टर. दिसायला सेम, म्हणून लोक गोंधळतात. हा गाडीला काही करत नाही, फक्त मोबाइलवर आकडे दाखवतो. नकली चिपवाले पुष्कळ आहेत आणि काहींना सगळ्या कमांड येत नाहीत, पण खालचे आकडे वाचायला बहुतेक चालतात. काम झालं की काढून ठेवा, बॅटरीचं वर सांगितलंच, शिवाय १२३४ किंवा ०००० असा पिन असलेला ब्लूटूथ गाडीच्या पोर्टात कायमचा चिकटवून ठेवणं शहाणपणाचं नाही.

सगळ्यात आधी कूलंटचं तापमान. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर ते साधारण ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर व्हायला हवं. ६५-७० लाच घुटमळत असेल, उतारावर आणखी खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. हा बिघाड फार लपून राहतो, कारण डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मध्यभागी धरून ठेवलेला असतो, आणि काही गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा दिवा. ईसीयूला वाटत राहतं इंजिन गार आहे, तो पेट्रोल जास्त देत राहतो. पी-०१२८ कोड येतो, पण प्रत्येक वेळी येईलच असं नाही. बदलायला सोपा पार्ट आहे, आणि 'ॲव्हरेज पडलं पण कोडच नाही' या तक्रारीत मी पहिला संशय याच्यावर घेतो.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमीजास्त करतोय ते, शॉर्ट आणि लाँग असे दोन आकडे असतात, त्यांची बेरीज बघायची. गरम इंजिनावर बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जास्त अधिक असेल तर ईसीयू म्हणतोय मला जादा पेट्रोल द्यावं लागतंय, म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. दोन्हींत फरक कसा करायचा तर आधी आयडलला बघा, मग उभ्या गाडीत रेस धरून २५०० आरपीएमला बघा. आयडलला अधिक २० आणि रेसला जवळपास नॉर्मल, तर व्हॅक्यूमची नळी किंवा इनटेकचं गॅस्केट लीक आहे, कारण आयडलला आत येणाऱ्या एकूण हवेत लीकचा वाटा मोठा असतो. आयडलला बरं आणि रेसला, चढावर वाढत जातंय, तर फ्युएल पंप, फिल्टर, नाहीतर मळलेला एअर फ्लो सेन्सर. एअर फ्लो सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनंच साफ करायचा, कापसानं पुसायला जाऊ नका, आतली तार केसासारखी असते. पी-०१७१ हा कोड याच कुटुंबातला.

उणे १५-२० असेल तर उलटं, पेट्रोल जास्त पडतंय. गळणारा इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). टाकी फुल्ल केल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करते का ते आठवून बघा, तसं असेल तर पर्ज व्हॉल्व्हकडे बोट जातं. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल तर त्याची रेषा वर-खाली हलायच्या ऐवजी सुस्त पडते, आणि मिश्रण घट्ट राहत असेल तर ॲव्हरेजला तो मोठा फटका देतो. मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर पी-०३०० च्या आसपासचे कोड दिसतील, शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो, पी-०३०२ म्हणजे दोन नंबरचा. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा, कोड तिकडे सरकला तर कॉइल, नाही सरकला तर प्लग किंवा इंजेक्टर.

डिझेलवाल्यांनो, तुमच्याकडे पेट्रोलसारखे ट्रिम बघण्यात अर्थ नाही. तुम्ही बूस्ट प्रेशर बघा, आणि टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज पाईप हातानं चाचपा, आतून तेलकट असल्यानं चीर पडली की बाहेर काळपट ओल दिसते. रेस केल्यावर सूं असा आवाज, काळा धूर आणि पिकअप गायब, हे तिन्ही एकत्र असेल तर पाईपच. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीनं अडकणं हे दुसरं नेहमीचं.

स्कॅनरला न दिसणाऱ्या गोष्टी

आकडे सगळे चोख आहेत आणि तरी ॲव्हरेज नाही, असं झालं की इंजिन सोडा आणि चाकांकडे या. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सहज घरंगळते का? थोडं चालवून, शेवटी जोरात ब्रेक न मारता थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय, कॅलिपरची पिन सुकलीय नाहीतर हँडब्रेकची केबल परत येत नाहीये. टायरमधली हवा कमी असेल तर प्रत्येक पीएसआयमागे ०.२ टक्के, ऐकायला किरकोळ, पण चारही टायर ८-१० पीएसआयनं खाली असलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. क्लच घसरतोय का बघायला चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडवरून जोरात रेस द्या, आरपीएम पळाला आणि गाडी मागे राहिली तर समजलं.

एअर फिल्टरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी कारण प्रत्येक जण पहिला तोच बदलतो. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरनं ॲव्हरेज जवळपास पडत नाही, ईसीयू हवा कमी आली की पेट्रोलही कमी करतो, पडतो तो पिकअप. घाणेरडा असेल तर बदलाच, पण ॲव्हरेजची अपेक्षा ठेवून नाही.

आणि पेट्रोलच बदललं असेल तर? इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून १० टक्के मिश्रणात साधारण ३ टक्के आणि २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या नोंदींशी तुलना करून ॲव्हरेज पडलं म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या गाडीला काहीच झालेलं नसतं. तसंच रोजचं अंतर दोन-तीन किलोमीटरवर आलं असेल तर इंजिन गरम व्हायच्या आत प्रवास संपतो, आणि हायवेवर ८० च्या पुढे प्रत्येक वाढीव स्पीडला हवा वसूल करतेच.

ज्यांना पॉवरच हवीय, ॲव्हरेजचं काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात: टर्बो इंजिन असेल तर नीट केलेल्या रीमॅपनं २०-३० टक्क्यांपर्यंत वाढ मिळते कारण बूस्ट वाढवता येतो, साध्या बिनटर्बो पेट्रोलला ५-१० टक्के मिळाले तरी खूप. करणारा माणूस आधी आणि नंतर लॉग काढत नसेल, मूळ फाइल तुम्हाला परत देत नसेल, तर तिथून निघा. वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम यांचा हिशोब तुम्ही स्वतः करा.

मेकॅनिककडे जायची वेळ आली तर डिव्हाइस काढून, पण कोड न पुसता जा. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती होता, तापमान, स्पीड, लोड किती होतं हे ईसीयू फ्रीज फ्रेममध्ये साठवून ठेवतो, कोड पुसला की तेही जातं, आणि सगळे मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, परत पूर्ण व्हायला बरेच दिवस चालवावं लागतं. मोबाइलवर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, आयडलचे आणि २५०० चे ट्रिम एका कागदावर लिहा, गरम झाल्यावरचं कूलंटचं तापमान लिहा, आणि तक्रार सांगताना 'पिकअप नाही' एवढंच न म्हणता कुठल्या गिअरला, थंड असताना की गरम, चढावर की सपाटीला ते सांगा. डिव्हाइस किंवा रेझिस्टर लावला होता हेही सांगून टाका, लाजू नका, नाहीतर तो बिचारा नसलेला बिघाड शोधत तुमच्याच खर्चानं वायरिंग उघडत बसेल.